ढगातली सात दिवसांची रांग

शहाणपण शिकवायला येणाऱ्या माणसांची आमच्या जिल्ह्यात कधीच टंचाई पडली नाही. रस्ता नसेल, डॉक्टर नसेल, मोबाइलचा टॉवर नसेल. सल्लागार मात्र असतो. मी ज्या संस्थेत काम करते तिनेही एक ठेवला होता. तो महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर यायचा. त्याच्या मागे पडद्यावर हिरव्यागार जंगलाचं चित्र असायचं, बहुधा परदेशातलं, कारण त्यात एकही मोहाचं झाड नव्हतं. खऱ्या जंगलाकडे तो एकदाच आला, तोही गडचिरोलीतल्या लॉजपर्यंत. एसी चालत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरला पळाला.

मी मूळची राजुऱ्याची. वडील कोळशाच्या खाणीत होते. मी शिकून पुण्याला गेले, सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षं काढली आणि लोकांच्या जेवणाच्या ऑर्डरी वेळेवर पोचवणाऱ्या ॲपचा इतका कंटाळा आला की परत आले. परत येताना मनात एक गुर्मी होती. पुण्यात जे शिकले ते इकडे कोणालाच येत नाही, आता आपण दाखवू. सल्लागाराला मी हसते, पण ही गुर्मी त्याच्याच घराण्यातली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

संस्थेचं काम साधं आणि चांगलं होतं. एटापल्ली, भामरागडकडच्या गावांमध्ये आमच्या आरोग्य कार्यकर्त्या राहतात, त्याच गावातल्या बाया. कोणाला ताप आला की बोटाला टोचून तपासायचं, हिवताप निघाला की गोळ्या द्यायच्या. गोळ्या संपत आल्या की गडचिरोलीच्या ऑफिसातल्या गोदामातून मागवायच्या. गोदाम सांभाळायचे एक भाऊ, चामोर्शीकडचे, निवृत्तीला टेकलेले. आधीची पद्धत अशी की बाई चिठ्ठी लिहायची, एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची, चिठ्ठी भाऊंना मिळायची, भाऊ पेटी बांधून परतीच्या बसमध्ये टाकायचे. चार दिवस लागायचे, कधी पाच.

सल्लागाराला हे ऐकून जवळजवळ रडू आलं. "चिठ्ठी? आजच्या काळात?" असं म्हणून त्याने एक ॲप बनवून घेतलं. प्रत्येकीला टॅबलेट दिला. त्यात एक बटण: 'औषध मागवा'. बटण दाबलं की मागणी थेट आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायची. हा कॉम्प्युटर जिन्याखाली होता. गडचिरोलीत वीज गेली की तो बंद, आणि तो बंद असला की बाईच्या टॅबलेटवर लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य. एक वयस्क बाई टेकडीवर चढून, नेटवर्क धरून, तेच बटण तासभर दाबत बसली होती. तिने मला नंतर सांगितलं, "मले वाटलं, मी जोरात दाबून नाई राह्यली."

साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, मला बोलावलं. मी म्हटलं, मधे एक क्यू टाकू या. क्लाउडवर, म्हणजे दूर कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर, आपण थोडी जागा भाड्याने घ्यायची. बाईची मागणी आधी तिथे जाऊन थांबेल. आपला कॉम्प्युटर सुरू झाला की एकेक मागणी उचलेल. वीज असो नसो, मागणी हरवणार नाही.

"क्यू म्हणजे?"

"रांग."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "रांग हा शब्द नको, ताई. आपल्या अहवालात आपण लोकांच्या रांगा संपवायला निघालोय. दाते वाचतात."

सल्लागार कॉलवर होता. तो आधी म्हणाला की याची काहीच गरज नाही. मग पंधरा मिनिटांनी म्हणाला की हे आपण पहिल्यापासूनच सुचवत होतो. दोन्ही वाक्यांना साहेबांनी सारखीच मान हलवली.

बसवायला एक दुपार पुरली. खातं उघडलं, कुठल्या देशातले कॉम्प्युटर हवेत ते निवडलं, रांगेला नाव दिलं. नावात फक्त इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे चालतात. मी 'औषध' असं त्या अक्षरांत लिहिलं, तर सल्लागाराने सांगितलं की हे प्रोफेशनल दिसत नाही, आणि एक असं लांबलचक नाव सुचवलं की जणू रेल्वेच्या मालडब्यावरचा आकडा. मी 'औषध'च ठेवलं. मग किल्ली मिळाली, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. ती ज्याच्याकडे असेल तो रांगेत काहीही टाकू शकतो, काहीही काढू शकतो. मी ती साहेबांना बंद लिफाफ्यात दिली आणि गुप्त आहे म्हणून दोनदा सांगितलं. साहेबांनी तिचा फोटो काढून संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'सर्वांनी जपून ठेवावी' असा मजकूर. ग्रुपवर ड्रायव्हर होते, दोन निवृत्त विश्वस्त होते, साहेबांची मेहुणी होती. मी लगेच किल्ली बदलली. साहेब दुखावले. "आपलीच माणसं आहेत, ताई."

पहिला गोंधळ लवकरच झाला. या रांगेचा एक नियम आहे. मागणी उचलली की ती तीस सेकंद लपते. तेवढ्या वेळात काम झालं असं कळवून ती पुसली नाही, तर ती पुन्हा रांगेत दिसू लागते. उचलणारा मधेच बंद पडला असेल, तर दुसऱ्या कोणालातरी उचलता यावी म्हणून. नियम शहाणा आहे. पण आमच्या ॲपमध्ये पेटी बांधून झाल्यावर भाऊंनी बटण दाबलं तरच मागणी पुसली जायची, आणि भाऊंना गोदामात जाऊन, शिडी लावून, मुदतीची तारीख बघून, पेटी बांधून परत यायला अर्धा तास लागायचा. परत येऊन बघतात तर तीच मागणी त्याच गावाच्या नावाने पुन्हा हजर. प्रामाणिक माणूस, पुन्हा शिडी चढायचा.

आठवड्याभरात एका बाईचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला. "भाऊ, तीन-तीन पेट्या काऊन पाठवून राह्यले? माह्या घरात झोपाले जागा नाई राह्यली!"

भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, या मशीनले एवढी घाई काऊन हाये? मी पेटी बांधूनच राह्यलो होतो ना."

सल्लागाराचं मत पडलं की वापरणारा माणूस मंद आहे, त्याला प्रशिक्षण द्या. चाळीस वर्षांत ज्याने एकही मुदत संपलेली गोळी बाहेर जाऊ दिली नाही, त्या माणसाला तीस सेकंदांत शिडी चढण्याचं प्रशिक्षण. मी निमूट तीस सेकंदांचे दोन तास केले, गोंधळ संपला आणि मला वाटलं की मी जिंकले. ही सेटिंग्ज मी किती बारकाईने वाचली आहेत असं मी चहा पिताना दोघातिघांना ऐकवलंही.

त्या उन्हाळ्यात सगळ्या कार्यकर्त्यांना गडचिरोलीला बोलावून प्रशिक्षण झालं. मी पडद्यावर ढग काढला, ढगात रांग काढली. सांगितलं की बटण दाबल्यावर हिरवी टिक आली की मागणी ढगात पोचली. ढगात ती सुरक्षित. मग चिंता नाही, चिठ्ठीची गरज नाही. साहेबांनी उठून जाहीर केलं की आजपासून चिठ्ठ्या बंद. टाळ्या झाल्या. वयस्क बाया एकमेकींकडे बघून हळू हसल्या, ते मला दिसलं होतं. मी त्याचा अर्थ 'अडाणी' असा लावला.

सगळ्यात हुशार होती ती भामरागडच्या बाजूची एक तरुण कार्यकर्ती. नवीन लागलेली, बारावी झालेली, घरात गोंडी बोलणारी आणि मराठी आमच्यापेक्षा नीट लिहिणारी. तिने प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. सल्लागाराने कॉलवरून तिचं खास कौतुक केलं, आणि तिचा टॅबलेट धरलेला फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला.

पावसाळ्यात रस्त्याच्या कामाच्या मशीनने ऑफिसच्या बाजूची इंटरनेटची केबल तोडली. मग पूर आला, मग वीज गेली. केबल जोडणारे लोक यायला तयार नव्हते, आले तेव्हा सामान नव्हतं. ऑफिसचं इंटरनेट दहा दिवस बंद राहिलं. माझ्या फोनला अधूनमधून नेटवर्कची एखादी कांडी यायची, तेवढ्यावर जिन्याखालचा कॉम्प्युटर चालत नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "मॅडम, गावांकडून काही मागनं आलं असन. कसं कळन?"

"ढगात आहे, भाऊ. लाइन आली की सगळं एकदम दिसेल."

पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. सातव्या दिवशी विचारलं नाही. त्यांच्या टेबलावर चिठ्ठ्यांची एक चवड दिसत होती आणि ते पेट्या बांधत होते. वयस्क बायांनी हिरवी टिक बघितली होती, मागणी ढगात पोचल्याचं वाचलं होतं, आणि तरीही बस सुरू असलेल्या गावापर्यंत माणूस पाठवून कंडक्टरच्या हातात चिठ्ठी दिली होती. साहेबांचा बंदी-आदेश त्यांनी ऐकला होता, नमस्कार केला होता आणि मोडला होता. मी भाऊंना म्हणालेही, "हे तुम्ही दुप्पट काम करताय. ढगातून पुन्हा याच मागण्या येतील."

"येऊ द्या. आल्या तं पाहू."

अकराव्या दिवशी लाइन आली. मी स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. रांगेत पंचवीस-तीस मागण्या असायला हव्या होत्या. नऊ होत्या. सगळ्या गेल्या सात दिवसांतल्या. त्याआधीचं काहीच नाही.

मी पुन्हा मोजलं. मग मला ते पान आठवलं. रांग बनवताना वाचलेलं, स्वतः वाचलेलं. संदेश रांगेत किती दिवस जगेल हे सांगितलं नाही, तर तो सात दिवस जगतो. आठव्या दिवशी पुसला जातो. कोणालाही न सांगता. ज्याने पाठवला त्याला नाही, ज्याला हवा आहे त्यालाही नाही. कंपनीने काही लपवलं नव्हतं, स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचून मनात म्हटलं होतं, सात दिवस! सात दिवस कोणाचं इंटरनेट बंद असतं? हे मी राजुऱ्याची, खाणीच्या वसाहतीत कंदिलावर अभ्यास केलेली, गडचिरोलीत बसून म्हणाले होते. पुण्याने माझ्या डोक्यात एवढं पुणं भरलं होतं.

भाऊंच्या चिठ्ठ्या काढल्या. कोणत्या गावाची चिठ्ठी आली, कोणत्या गावाची ढगातून आली, यादी केली. दोन्हीत नव्हतं असं एकच गाव उरलं. मुखपृष्ठावरच्या मुलीचं.

फोन लागेना. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी निघाले. भामरागडपर्यंत बस, पुढे मोटरसायकल, शेवटी नाला पायी. ती अंगणात बसून टॅबलेट पुसत होती, पदराने, काचेवर एक ठिपका राहणार नाही असा. मला बघून उठली नाही.

तिच्याकडच्या गोळ्या पुराच्या सुरुवातीलाच संपल्या होत्या. तिने त्याच दिवशी टेकडीवर जाऊन बटण दाबलं, हिरवी टिक आली. ती वाट बघत राहिली. शेजारच्या एका काकांना ताप भरला. तपासणीत हिवताप निघाला आणि द्यायला गोळी नव्हती. तिसऱ्या दिवशी ते बरळायला लागले. चौघांनी त्यांना खाटेवर घालून नाल्यातून नेलं, छातीपर्यंत पाणी होतं, खाट डोक्यावर. दवाखान्यात पोचले, सलाइन लागलं, वाचले.

"तू एक चिठ्ठी का नाही पाठवलीस?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून गेला याची मला आजही लाज वाटते.

ती शांतपणे म्हणाली, "तुमीच सांगितलं होतं ना मॅडम. टिक हिरवी झाली का काम झालं. बाकीच्या बाया चिठ्ठ्या पाठवून राह्यल्या, ते मले मालूम होतं. मी त्याहीले हसली होती."

ते काका बाजूच्या ओसरीवर बसले होते, गालफडं बसलेली. त्यांनी गोंडीत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणतायत?

"ते विचारून राह्यले, याहीनंच गोळ्या ढगात ठेवल्या होत्या का."

मी हो म्हटलं. तिने भाषांतर केलं. काकांनी मला नीट न्याहाळलं आणि तिला आणखी काही म्हणाले, ज्याचं भाषांतर तिने केलं नाही. मी चूक कबूल केली, दोघांसमोर, तिने ते वाक्य वाक्य करून त्यांना सांगितलं. माफी भाषांतर करून सांगावी लागते तेव्हा तिच्यातली सगळी सजावट गळून पडते. 'सेटिंग' या शब्दाला मुलीने काय वापरलं मला माहीत नाही. खूप छोटं काहीतरी होतं.

परत आले तर ऑफिसात बैठक होऊन गेलेली. सल्लागाराने निष्कर्ष काढला होता: 'नैसर्गिक आपत्तीमुळे नेटवर्कमध्ये व्यत्यय, तसेच संबंधित कार्यकर्तीने पाठपुरावा केला नाही.' साहेबांनी तिच्या नावाने कारणे दाखवा नोटीस टाइप करून ठेवली होती. सहीच बाकी होती.

"तिने पाठपुरावा कशाचा करायचा?" मी विचारलं. "चिठ्ठ्या तुम्ही बंद केल्या. टिक हिरवी होती. मागणी मी हरवली."

मी लॅपटॉपवर ते पान दाखवलं, माझं सेटिंग दाखवलं, कधी केलं तेही दाखवलं. साहेबांनी लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं.

"ताई, एवढं खरं लिहायची गरज नसते. स्वतःच्या पायावर कशाला धोंडा मारून घेता?"

"धोंडा मारून झालाय, साहेब. फक्त पाय दुसऱ्याचा निघाला."

भाऊ दारात उभे होते. ते आत येऊन खुर्चीवर बसले. साहेबांसमोर ते कधी बसत नसत. म्हणाले, "साहेब, त्या पोरीले नोटीस देत असान तं बाकीच्या सगळ्याहीले बी द्या. त्याहीनं तुमचा हुकूम मोडला, चिठ्ठ्या पाठवल्या. अन् मी त्या चिठ्ठ्यांवर पेट्या पाठवल्या. मलेबी द्या."

साहेबांनी हिशेब केला असावा की एवढ्या नोटिशी टाइप कोण करणार. मुलीची नोटीस रद्द झाली. पण टाइप केलेला कागद वाया जाऊ नये म्हणून वरचं नाव बदलून तीच मला मिळाली. 'पाठपुरावा केला नाही' हे वाक्यही तसंच राहिलं. खरं होतं, म्हणून मी उत्तरात एका ओळीत मान्य केलं. सल्लागाराने पुढे कुठल्याशा परिषदेत आमच्या कामावर भाषण केलं. दुर्गम भागात न कोसळणारी व्यवस्था कशी उभारावी, असा विषय होता. मुखपृष्ठावरचा फोटो त्यानेही वापरला.

मी बदल केले. मागणी आता रांगेत कधीच मरत नाही. एखादी दिवसभर पडून राहिली तर भाऊंच्या साध्या फोनवर एसएमएस जातो. ढगात पोचल्यावर टिक पिवळी होते. भाऊंनी पेटी बांधून बसमध्ये टाकली की मगच हिरवी. आणि चिठ्ठ्या सुरू आहेत. साहेबांनी तो आदेश मागे घेतला नाही, फक्त त्याबद्दल बोलणं सोडलं.

ती मुलगी राहील की जाईल याची मला खात्री नव्हती. पुढच्या प्रशिक्षणाला ती आली, पहिल्या रांगेत बसली. मी पिवळ्या आणि हिरव्या टिकचं सांगून संपवलं तेव्हा ती टाळ्यांत सामील झाली नाही. चहाच्या सुट्टीत थेट माझ्याकडे आली.

"मॅडम, असं अजून कायकाय हाये, जे तुमी वाचलं अन् सोडून देल्लं?"

मी लॅपटॉप उघडला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. सेटिंगांचं ते लांबलचक पान आम्ही वरपासून ओळीओळीने वाचायला घेतलं. मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची, ती प्रत्येक ओळीला एकच विचारायची, "पूर आला तं याचं काय होते?" चहा थंड झाला, बाकीच्या बाया आत जाऊन बसल्या, साहेब दोनदा डोकावून गेले. जेवणाच्या वेळेपर्यंत तिने पुरात मागणी हरवेल अशा आणखी दोन जागा शोधून काढल्या होत्या.